बाळकृष्णाखालचा बुश

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातला, हे आधी लिहा. लोक मला कार्डिफचे दत्तूकाका म्हणतात ते ठीक आहे, अडतीस वर्षं झाली इथं वेल्समध्ये, पण माणूस घडला कुठं ते आधी आलं पाहिजे नव्हं. वडील फाउंड्रीत होते, आम्ही पाच भावंडं, मी आयटीआय केलं आणि पांडू मिस्त्रींच्या वर्कशॉपात लागलो. पांडू मिस्त्री म्हंजे काय सांगू तुम्हाला, बुटका माणूस, कानात अत्तराचा फाया, आणि बोलायला असा तिखट की नवा आलेला दोन दिवसांत पळून जायचा. मी टिकलो. केलेली वस्तू डोळे मिटून ओळखता आली पाहिजे असं ते म्हणायचे, आणि खरंच डोळ्यांवर फडकं बांधून हातात चार बुश द्यायचे, सांग ह्यातला तुझा कुठला. बुश म्हंजे पितळेचं जाड कडं हो, अंगठीसारखं, ते भोकात घट्ट बसतं आणि त्याच्या आतनं दांडा फिरतो. पहिल्या वर्षी मला एकदाही सांगता आलं नाही. पुढं येऊ लागलं, ते अजून येतं.

आणि खंडेनवमी. ती सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्या वर्कशॉपात त्या दिवशी सगळं खोलायचं, धुवायचं, पुसायचं आणि पाटावर सुटं सुटं मांडायचं. इतर ठिकाणी मशीनला हार घालून मोकळे होतात, मिस्त्रींना ते चालत नव्हतं, ते म्हणायचे एकेका नटाला कुंकू लागलं पाहिजे, वर्षभर तो तुमचा भार सोसतोय. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि पूजा हलवायची ती घरच्या बाईनं. मिस्त्रींची बायको यायची, अक्षता टाकायची, आणि एकेक वस्तू आमच्या हातात द्यायची. ती पद्धत मी इथं गॅरेजात अजून पाळतो. आमच्या गॅरेजात गाडी नाही, गाडी बाहेर पावसात भिजते, आत पितळ-पोलाद कातायचं छोटं लेथ मशीन आहे, म्हातारं आहे, माझ्यासारखंच.

मालती साताऱ्याची, नर्स. नोकरी तिला लागली इथल्या हॉस्पिटलात, मी मागनं आलो, म्हंजे लोकांच्या बायका नवऱ्याच्या मागनं येतात, मी बायकोच्या मागनं आलो, गावाकडं लई चेष्टा झाली माझी. इथं आल्यावर चार महिने घरी बसून भांडी घासली. मग तीच एकदा म्हणाली, आमच्या वॉर्डातल्या एका खुर्चीचं चाक कुरकुरतंय, बघता का. बघितलं. मग दुसरी, मग तिसरी. मग हॉस्पिटलच्या वर्कशॉपमधल्या ग्लिन नावाच्या साहेबानं बोलावलं आणि मी तिथला फिटर झालो, रिटायर होईपर्यंत. व्हीलचेअर, पलंग, ट्रॉल्या. एका म्हाताऱ्या वेल्श बाईला एकच हात चालायचा, तिच्या खुर्चीचा ब्रेक मी तिला पोचेल असा डावीकडं करून दिला, तर ती मला दर नाताळला मोजे विणून पाठवायची, ती असेपर्यंत. असं चांगलं गेलं बघा सगळं, तक्रार करावी असं काही नाही, पाऊस सोडला तर.

केतकी इथंच जन्मली, एकुलती एक. दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघते आणि रविवारी रेसची गाडी चालवते. मला तू म्हणते. कोल्हापुरात कुणी बापाला तू म्हणलं असतं तर आजीनं उलथनं फेकून मारलं असतं, पण इथं सगळ्यांनाच यू, त्यामुळं तिचं तू मला गोडच लागतं. गाडीचा नाद तिला माझ्यामुळंच लागला असं मालती म्हणते, लहानपणी स्पॅनर खेळायला कुणी दिला म्हणते. खरं आहे, मीच दिला. पण हातात स्पॅनर देणं वेगळं आणि पोटच्या पोरीला हेल्मेट घालून त्या आवाजात सोडणं वेगळं. छोटी गाडी असते, वर छप्पर नाही, जमिनीला टेकलेली, आणि वळणावर अशा शिरतात सगळ्या एकदम की आपले पाय आपोआप ब्रेक दाबायला लागतात.

आता जे सांगतोय त्याची मला लाज वाटते, पण लिहा. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिनं नुकतीच गाडी घेतली होती आणि मी तिचा मेकॅनिक होतो. पहिल्या दोन रेस बघितल्या आणि मला झोप लागेना. मग मी काय केलं, ॲल्युमिनियमचा एक तुकडा घासून पुसून तयार केला आणि तिच्या ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली बसवला, म्हंजे पाय कितीही दाबला तरी पेडल पूर्ण खाली जाऊ नये. कुणाला सांगितलं नाही, मालतीलाही नाही. अख्खा सीझन पोरगी मागं पडली. घरी येऊन म्हणायची, बाबा, मला जमत नाही, मी स्लो आहे, माझ्यात ते नाहीच आहे. आणि मी तिच्या पाठीवरनं हात फिरवायचो, म्हणायचो जाऊ दे बाळा. असा बाप मी. शेवटी तिलाच तो तुकडा सापडला. कुणी बसवला हे तिला विचारावं लागलं नाही, चारी कडा गोल केलेल्या, पॉलिश केलेला, असलं सुबक काम वेल्समध्ये दुसरं कोण करणार. आमच्या स्वयंपाकघरात आली, टेबलावर ठेवला, चहा पण न घेता गेली. मालतीनं तुकडा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि कणीक मळत राहिली.

केतकी वर्षभरानं बोलायला लागली. प्रेमाची आहे हो पोरगी, राग धरून ठेवणारी नाही, पण गाडीला मला हात लावू देईना. बाबा, तू ये, बस, चहा दे सगळ्यांना, पण स्पॅनर घ्यायचा नाही. पाच-सहा वर्षं मी थर्मास घेऊन उभा राहिलोय. लोक मला टी-मॅन म्हणायचे. मालती एकदाही आली नाही रेसला, तिनं सांगूनच टाकलं होतं, मी तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात तुटलेली माणसं बघितलीत, माझ्या पोरीला मी त्या रस्त्यावर बघणार नाही.

आणि मग गेल्या ऑगस्टात केतकी एका शनिवारी एक लांब दांडा घेऊन आली. बाबा, हा बघ, हा माझी गाडीची अँटी-रोल बार आहे. तिचं लिंग-वचन असंच, सगळं इकडचं तिकडं. तर तो बार म्हंजे असं, गाडी वळणावर एका बाजूला कलते ना, तर हा दांडा ह्या चाकापासनं त्या चाकापर्यंत आडवा असतो आणि तिला फार कलू देत नाही. कोरड्या रस्त्यावर तो कडक लागतो, ओल्या रस्त्यावर मऊ, नाहीतर गाडी घसरते. आता इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिकडं लंडनजवळ वॉटफर्डला राहता, तिथं थोडा कमी असेल, पण इथं रेस सुरू होताना ऊन आणि चौथ्या फेरीला धो धो. तर तिला पाहिजे होतं ते म्हंजे गाडी चालवता चालवता, बसल्या जागेवरनं, एक लिव्हर ओढून तो बार मऊ-कडक करता यावा. तयार मिळतं का, तर मिळतं, पण तिच्या गाडीला बसेल असं नाही. मग म्हणाली, तू करशील?

मी काय सांगू तुम्हाला. मी तो दांडा तिच्या हातातनं घेतला आणि तसाच गॅरेजात मोजायला गेलो.

सहा आठवडे केलं ते. बार एका बाजूला कापला आणि तिथं पोलादाचं चपटं पातं बसवलं. शाळेतली पट्टी असते ना, आडवी धरली तर वाकते, उभी धरली तर वाकत नाही, तसंच ते, पातं आडवं केलं की बार मऊ, उभं केलं की कडक. पात्याचा दांडा दोन पितळी बुशांत फिरतो, तिथनं केबल निघते ती तिच्या सीटशेजारच्या लिव्हरला, आणि लिव्हरला पाच खाचा. तिचे हात लहान आहेत, आईसारखे, तर मी तिला रिकाम्या खुर्चीत बसवून, डोळे मीट म्हणून, डावा हात कुठं पडतो ते बघून लिव्हरची जागा ठरवली. त्या वेल्श बाईच्या ब्रेकसारखीच. बुश तर मी तीनदा केले. पहिल्या दोन वेळचे चांगले होते, पण चांगले म्हंजे बरोबर नव्हे.

रेस सीझनची शेवटची, दसऱ्याच्या दिवशीच आली, रविवारी. गाडी असते न्यूपोर्टला तिच्या शेडमध्ये, बार माझ्याकडं, तर ठरलं असं की पहाटे ती ट्रेलरवर गाडी घेऊन मला न्यायला येणार आणि बार मैदानावरच बसवायचा, दोन तासांचं काम. शनिवारी खंडेनवमी. मी सगळं सुटं केलं, पुसलं, पाटावर मांडलं, अकरा नग, एकेकाला कुंकू, झेंडूची दोन फुलं मालतीच्या कुंडीतली. ती पण आली, बाजूला उभी राहिली, बराच वेळ हात जोडून होती. सकाळी सहाला केतकी दारात हॉर्न वाजवायला लागली, मी हत्यारं गाडीत ठेवत होतो, मालतीनं पूजा हलवली, नग डब्यात भरले आणि डबा माझ्या हातात दिला. मी मोजले नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांत मी नग न मोजता कामाला कधी गेलो नाही, पण पूजेतनं बायकोच्या हातनं आलेलं काय मोजायचं असं वाटलं.

मैदान कार्डिफपासनं तासाभरावर. डबा उघडला. दहा. परत मोजले, दहा. एकच बुश.

तुम्हाला वाटेल एका कड्याचं काय एवढं, पण बुश नाही तर पातं भोकात खुळखुळणार, आणि जुना बार मी कापलेला, म्हंजे मागचं परत लावायची सोय नाही. बाजूच्या तंबूतला एक जण चांगला होता, म्हणाला कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळा, दिवस निघून जाईल. मी नाही म्हणलं. पत्र्यावर मी माझी पोरगी सोडणार नव्हतो. हातातला तो एकटा बुश घेऊन वर बघितलं तर केतकी माझ्याकडं बघत होती. हेल्मेट काखेत. मला आमचं स्वयंपाकघर दिसलं, तो टेबलावरचा तुकडा दिसला. मला रेसचं काही वाटत नव्हतं खरं सांगतो, रेस पुढल्या वर्षी परत आहे. मला भीती वाटली ती परत मला थर्मासपाशी उभं करेल आणि ह्या वेळी कायमचं.

म्हणलं केतकी, तुझी शपथ, ह्या वेळी मी काही केलेलं नाही.

ती आली, माझ्या हातातला बुश घेतला, बोटांत फिरवून बघितला, आणि म्हणाली, आय नो, बाबा. तू करतोस तेव्हा एक वस्तू जास्त होते, कमी नाही होत.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी पण आलं, दोन्ही एकदम. सत्तरीला आलेला माणूस, चारचौघांत, हातमोज्यानं डोळे पुसतोय, ग्रीस सगळं तोंडाला.

मग घरी फोन लावला. मालतीला म्हणलं, पाटाखाली बघ, एक पितळेचं कडं पडलंय का. म्हणाली, पाटाखाली नाही, देवघरात आहे, बाळकृष्णाच्या खाली. म्हणलं देवघरात कसं गेलं? म्हणाली, मी घेऊन येते. आणि फोन ठेवला.

आता मालती म्हंजे हॉस्पिटल आणि टेस्कोचं दुकान ह्यापलीकडं गाडी न नेलेली बाई, मोटरवे तर तिनं खिडकीतनंच बघितलेला. दीड तास लागला तिला. सकाळची प्रॅक्टिसची फेरी हुकली, म्हंजे आता केतकीला परवानगी काढून रेसच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहायचं होतं, पण तिनं स्वतःच सगळ्यांना चहा दिला. साडेनऊच्या सुमाराला बघतो तर चिखलातनं आमची ही येतेय, दसऱ्याची जरीची साडी, वर माझा रेनकोट, पायात बागेतले बूट. आयुष्यात पहिल्यांदा रेसच्या मैदानावर. सीमोल्लंघन म्हणतात ते ह्यापेक्षा वेगळं काय असतं? पर्समधनं रुमालाची पुरचुंडी काढली, त्यात बुश. त्याच्यावर माझं आदल्या दिवशीचं कुंकू तसंच होतं, वर एक तुळशीचं पान चिकटलेलं.

ते पुसावं लागलं मला. कुंकवाचा कण पण तिथं चालत नाही. ती बघत होती म्हणून मी माझ्या रुमालानं पुसलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग तेलाचं बोट फिरवलं आणि बुश अंगठ्यानं दाबला. बरोबर केलेला बुश जाताना हवेचा बारीक आवाज येतो, तो आला. पातं बसवलं, फिरवलं, केबल जोडली. केतकी आत बसली, डोळे मिटले, डावा हात टाकला, लिव्हर हातात. एक, दोन, तीन, चार, पाच. खाली आडवा होऊन मी पातं बघत होतो, दर खाचेला थोडं थोडं उठत होतं. तपासणीवाला आला, त्यानं हलवून बघितलं, विचारलं कुणी केलं, तर केतकी म्हणाली, माय डॅड. एवढंच. पण ते तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं.

रेसमध्ये शेवटनं निघाली. दोन फेऱ्यांनंतर आलाच पाऊस. मालती माझी बाही धरून उभी होती, डोळे उघडे, एकदाही मिटले नाहीत, मीच मिटत होतो. बाकीच्या गाड्या वळणावर अशा शेपूट हलवायला लागल्या, आणि आमची येताना मला आवाजावरनं कळलं की तिनं लिव्हर खाली घेतलाय, गाडी अंग टाकून शांत निघाली वळणातनं. मालतीनं विचारलं, आता काय केलं तिनं? म्हणलं मऊ केला. ती म्हणाली, मऊ केला की पडत नाही का? म्हणलं, पावसात नाही पडत. केतकी सहावी आली. कप बिप काही नाही सहाव्याला, पण हेल्मेट काढल्यावर तिचं तोंड तुम्ही बघायला पाहिजे होतं. मालतीनं तिथंच चिखलात उभं राहून तिच्या हातात बागेतल्या झाडाचं पान दिलं, सोनं म्हणून, आणि पोरगी तिच्या ग्रीसच्या हातांनी जरीच्या साडीला बिलगली.

येताना मी मालतीच्या गाडीत बसलो. वायपर चाललेत, ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून पन्नासनं चाललीय, मागनं ट्रक वैतागलेत. आणि समोर बघतच म्हणाली, मी विसरले नव्हते हो. रात्रभर देवाखाली राहू दे म्हणून ठेवला होता, सकाळी काढणारच होते, हात पण लावला. मग वाटलं एक नग नसला तर आज ती गाडीत बसणार नाही. आणि तुमचा फोन आला, आणि तुमचा आवाज ऐकला, आणि मग घरात बसवेना.

म्हणलं, मालती, मी पेडलखाली ठेवला, तू देवाखाली ठेवलास, एवढाच काय तो फरक. ती हसली आणि मग रडली, मी म्हणलं आधी गाडी बाजूला घे, तर म्हणाली मोटरवेवर थांबता येत नाही, तुम्ही गप्प बसा.

आता तो बार गाडीवरच असतो. ह्या वर्षी मी रीतसर मेकॅनिक आहे, थर्मास मालतीकडं गेलाय, ती दर रेसला येते आणि दर रेसनंतर सांगते की ही शेवटची. सकाळी निघताना केतकी आभाळाकडं बघते आणि मला विचारते, बाबा, तीनवर ठेवू का दोनवर? मी म्हणतो तुझ्या हातात आहे तो, तू ठरव. बाळकृष्णाला मी तसाच दुसरा बुश करून दिला, त्याला लई चांगलं बसतं ते, थोडा उंच दिसतो. ह्या नवमीला नग मी मोजेन, पण पूजा मालतीच हलवणार.

आणि त्या दिवशी गाडीत मालती काय म्हणाली ते केतकीला आम्ही सांगितलेलं नाही, ती समजते आई विसरली. तुम्ही मराठीतच लिहिणार ना? मग सगळं लिहा, काही गाळू नका. तिला मराठी वाचता येत नाही. आणि कुणी वाचून दाखवलंच कधी, आम्ही दोघं नसताना, तर दाखवू दे. पोरीला तेवढं कळायला पाहिजे की आई तिची भ्यायली होती, आणि तरी स्वतः गाडी चालवत घेऊन आली.